झाडपाल्याची विद्या आणि तिचा वारसा

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणासंबंधी एखादा अभ्यासलेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. शाळा, परीक्षा आणि शिष्यवृत्त्या यांविषयी या पानांतून इतर जाणकार लिहितीलच. आम्ही मात्र आज अशा एका विद्येचा विचार करणार आहोत की, जिला शाळा नाही, क्रमिक पुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. तरीसुद्धा सिल्व्हासाच्या आसपासच्या पाड्यापाड्यांतून ती बापाकडून मुलाकडे आणि आजीकडून नातीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही विद्या म्हणजे झाडपाल्याच्या औषधांची विद्या होय.

या विद्येविषयी आपल्यात दोन टोकांची मते आढळतात. काहींना ती निव्वळ अडाणीपणा वाटते, तर काहींना तीत सर्व रोगांवर रामबाण उपाय दडलेले आहेत असे वाटते. दोन्ही पक्षांनी ती जवळून पाहिलेली नसते. प्रस्तुत लेखात आम्ही तीन प्रश्नांचा विचार करू. गावातील वृद्ध जाणकार शिष्याला नेमके काय देतो? ते वहीत उतरवून घेतले म्हणजे हाती येते काय? आणि ते हाती आले, तर त्यावर हक्क कोणाचा?

एक : आपला प्रदेश आणि येथील जाणकार

दादरा व नगरहवेली हा ४९१ चौरस किलोमीटरांचा लहानसा मुलूख. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले, ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा मुलूख भारताचा संघप्रदेश झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्याशी जोडला गेला आहे. मुलखाचा सुमारे चाळीस टक्के भाग वनाखाली नोंदलेला आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ३,४३,७०९ भरली. तीत निम्म्याहून थोडे अधिक लोक वारली, धोडिया, कोकणा, काथोडी, ढोर कोळी, नायका, दुबळा अशा आदिवासी जमातींचे होते. रान आणि रानात राहणारा माणूस यांची इतकी जवळीक जेथे आहे, तेथे औषधी वनस्पतींचे ज्ञान असावे यात नवल नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेने आपल्या मुलखातील लोक कोणत्या वनस्पती कशासाठी वापरतात यावर स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला आहे.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. वारली पाड्यावर ‘भगत’ असतो. तो देवधर्म पाहतो, कौल लावतो, भुताखेताची बाधा काढतो. झाडपाल्याचे औषध देणारा जाणकार कधी भगतच असतो, कधी वेगळा असतो, आणि पुष्कळदा ती एखादी सुईण किंवा घरातली म्हातारी असते. ‘भगतगिरी’ या एकाच शब्दाखाली ही दोन्ही कामे लोटली, म्हणजे मंत्राबरोबर मुळीही टाकून दिली जाते. अभ्यासकाने ही दोन कामे वेगळी धरावी. श्रद्धेचा उपहास करू नये, आणि श्रद्धेच्या आधारावर औषधाचा गुणही मान्य करू नये.

आम्हां मुसलमान घरांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. थंडीच्या दिवसांत जोशांदा उकळणारी आई आणि अत्ताराच्या दुकानातून उन्नाब व गुलबनफशा आणणारे वडील आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. युनानी वैद्यकातला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल्‌बैतार हा स्पेनमधील मालागा येथे जन्मला आणि १२४८ साली दमास्कस येथे वारला. तो उत्तर आफ्रिकेपासून आशिया मायनरपर्यंत वनस्पती पाहत हिंडला, आणि आपल्या कोशात त्याने सुमारे चौदाशे द्रव्यांची माहिती दिली. एकाच वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावे तो देतो. नावात चूक झाली तर औषधात चूक होते, हे त्याला ठाऊक होते. पाड्यावरच्या म्हाताऱ्यालाही तेच ठाऊक असते. फरक इतकाच की, त्याचा कोश त्याच्या डोळ्यांत, नाकात आणि जिभेवर असतो.

दोन : पहिला पाठ – ओळख

खानवेलच्या अंगाला एका पाड्यावर एक वारली वृद्ध राहतात. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा नातू कारखान्यात पाळीवर जातो. नात शाळेत शिकते. आजोबांची औषधे तिने एका वहीत लिहून घ्यायला आरंभ केला होता. एके दिवशी आम्ही तेथे असताना तिने वही वाचून दाखविली : “हगवणीवर कुड्याची साल.” म्हातारबाबांनी विचारले, “कंचा कुडा?” मुलगी गप्प राहिली. तेव्हा ते आमच्याकडे वळून म्हणाले, “गुरजी, तुझ्या वहीत एकच कुडा हाय. रानात तर लय हायेत.”

या एका प्रश्नात सगळा पाठ आहे. आपल्या रानात पांढरा कुडा आणि काळा कुडा अशी दोन झाडे शेजारी शेजारी उगवतात. दोन्ही एकाच कुळातली. दोन्हींची पाने समोरासमोर, दोन्हींना पांढरा चीक, दोन्हींना पांढरी फुले आणि दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगा. परंतु हगवणीवर जी साल शतकानुशतके दिली जाते, ती पांढऱ्या कुड्याची. तिच्यात कोनेसिन नावाचे अल्कलॉइड असते, आणि आमांशावरचा तिचा उपयोग आयुर्वेदात ‘कुटज’ या नावाने प्रसिद्ध आहे. काळ्या कुड्याची साल तिच्याऐवजी बाजारात खपविली जाते. ही भेसळ जुनी आहे. काळ्या कुड्याचे लाकूड खेळणी कोरायला उत्तम. पण हगवणीच्या रोग्याला त्याच्या सालीचा उपयोग नाही.

मग ओळखावे कसे? फूल पाहावे : काळ्या कुड्याच्या फुलाच्या तोंडाशी पांढऱ्या तंतूंची झालर असते, पांढऱ्या कुड्याच्या फुलाला ती नसते. पान पाहावे : काळ्या कुड्याचे पान सुकले की काळपट-निळे पडते, त्यापासून पूर्वी निळा रंगही काढीत. बी पाहावे : दोन्ही बियांना कापसासारखा झुबका असतो, परंतु तो विरुद्ध टोकांना असतो. आणि शेवटी चव : पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव आणि काळ्या कुड्याचे बी म्हणजे गोड इंद्रजव. ही नावे आपल्या भाषेत आहेतच. आपण त्यांचा अर्थ विसरलो आहो. (मुलांनी रानातील कोणतीही अनोळखी वस्तू चाखून पाहू नये, हे पालकांनी निक्षून सांगावे. कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. गुंजेचे बी मण्यासारखे सुंदर असते आणि चावले तर जीव घेते.)

फूल असते काही आठवडे, शेंग असते काही महिने. उरलेल्या काळात सालीवरून आणि पानावरूनच झाड ओळखावे लागते. म्हणून एका झाडाची ओळख पुरी व्हायला वर्षाचे सगळे ऋतू लागतात. चित्रावरून किंवा फोटोवरून एका दुपारी ती होत नाही. गुरूबरोबर रानात चालणे हाच या शाळेचा वर्ग होय.

तीन : दुसरा पाठ – वेळ, अंग आणि कृती

झाड ओळखले म्हणजे औषध मिळाले असे नाही. हिरड्याचे उदाहरण घ्या. एकाच झाडाचे फळ, परंतु आठी धरण्यापूर्वी गळलेले ते बाळहिरडा, त्याहून वाढलेले ते चांभारी हिरडा आणि पूर्ण पिकलेले ते सुरवारी हिरडा. बाळहिरडा पोट साफ करण्यासाठी घरोघर उगाळतात, चांभारी हिरडा कातडी कमावण्याच्या कामी येतो, आणि त्रिफळ्यात सुरवारी हिरडा घालतात. फळ कोणत्या महिन्यात हाती आले, यावर त्याचा धंदाच बदलतो.

बिब्ब्याचेही तसेच. त्याचे तेल अंगाला लागले तर फोड येतात. म्हणूनच वैद्य तो शुद्ध केल्यावाचून वापरीत नाहीत. ती शुद्धीची कृती हातात नसलेला माणूस बिब्बा देऊ लागला, तर तो औषध देत नसून विष देत असतो.

कृतीचे महत्त्व किती, याचा एक दाखला चीन देशातून मिळतो. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने तापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावा असे लिहून ठेवले होते. मलेरियावर औषध शोधणाऱ्या थू योयो या संशोधक बाईंना त्या वनस्पतीचा गुण प्रयोगात कधी दिसे, कधी दिसत नसे. १९७१ साली त्यांनी जुन्या ग्रंथातले ते वाक्य पुन्हा वाचले. त्यात उकळण्याचा उल्लेखच नाही हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. आर्टेमिसिनीन हे औषध अशा रीतीने हाती लागले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतीचे नाव सर्वांनाच ठाऊक होते. अडले होते ते ‘भिजवावे की उकळावे’ या एका क्रियापदापाशी.

तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. कंद किंवा मुळी खणायची ती बी पडून गेल्यावर आणि पाने सुकल्यावर, आणि खणतानाही थोडी जमिनीत राखायची, असा जाणत्यांचा नियम असतो. काही जण खणण्यापूर्वी झाडाला तांदळाचे दाणे वाहतात. दाणे वाहण्याची श्रद्धा ज्याची त्याची. परंतु त्या निमित्ताने हात थांबतो आणि एका घरापुरतेच घेतले जाते, हा व्यवहार मात्र सर्वांनी शिकण्यासारखा आहे. सफेद मुसळीचे काय झाले ते पाहा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी या मुसळीच्या एका जातीला बोरिवलीवरून शास्त्रीय नाव दिले. पुढे बाजारात मुसळीला भाव आला, आणि ज्याला नियम ठाऊक नव्हता तोही कुदळ घेऊन रानात शिरला. आज रानातली मुसळी विरळ झाली आहे. कंद कोठे असतो ही माहिती पसरली, आणि तो किती घ्यावा हा नियम मागेच राहिला.

चार : तिसरा पाठ – नकार

चांगल्या जाणकाराची खरी परीक्षा तो कोणते औषध देतो यापेक्षा केव्हा देत नाही यात असते. वर सांगितलेले म्हातारबाबा सापाच्या दंशावर औषध देत नाहीत. पूर्वी देत असत. आता ते माणसाला गाडीत घालून सिल्व्हासाच्या श्री विनोबा भावे रुग्णालयाकडे पाठवा असे सांगतात आणि स्वतः बरोबर बसून जातात. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “गुरजी, बिनविषारी साप चावला तर माझ्या पाल्यानं बी बरा व्हतो, अन् पाल्याबिगर बी बरा व्हतो. इखारी चावला तर माझा पाला हरतो.” अक्षरशत्रू माणसाने काढलेले हे अनुमान कोणत्याही शास्त्रज्ञाला मान्य व्हावे असे आहे.

या बाबतीत स्पष्ट बोलणे अवश्य आहे. एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू पावसाळ्यातले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मिळते. विषावर दुसरा सिद्ध उतारा नाही. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हातपाय हलू न देता माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. शेजारच्या डहाणू तालुक्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधकांनी सर्पदंशावर काम केले, तेव्हा त्यांनी भगतांना बाजूला सारले नाही; त्यांनाही बोलावून समजावून सांगितले. हे शहाणपणाचे झाले. कारण रात्री-अपरात्री दंश झालेला माणूस प्रथम ज्याच्या दारात जातो, त्यानेच “येथे थांबू नको” असे म्हटले तर वेळ वाचतो.

जुने ते सर्व सुरक्षित, हाही भ्रमच होय. ‘सापसंद’ या नावाने ओळखली जाणारी वेल सर्पदंशावर देण्याची चाल अनेक ठिकाणी होती. तिच्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९३ साली बेल्जममधील ब्रुसेल्स येथील डॉक्टरांनी असे दाखवून दिले की, वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पुढे त्याचे कारण हेच आम्ल ठरले. असा दोष वर्षांनंतर दिसतो, म्हणून तो पाड्यावरच्या अनुभवाला सापडत नाही. येथे प्रयोगशाळेनेच गुरूला शिकवायचे असते. उलट अडुळशाची गोष्ट पाहा. आपल्या आजीचा खोकल्यावरचा अडुळसा प्रयोगशाळेत तपासला गेला, त्यातील व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले, आणि खोकल्याच्या कित्येक बाटल्यांवर आज ते नाव छापलेले असते. तेव्हा कोठे पाड्याने शिकवावे, कोठे प्रयोगशाळेने.

पाच : लिहून ठेवले तर राहते काय?

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. सतराव्या शतकात कोचीन येथे डचांचा अधिकारी व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले, आणि त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने आहेत. या ग्रंथाचा खरा आधार इट्टी अच्युतन नावाचा एळवा जातीचा वैद्य होता. आपल्या घराण्यात चालत आलेली औषधे आपण सांगितली, असे त्याचे प्रमाणपत्र १६७५ सालचे असून ते ग्रंथात त्याच्याच लिपीत छापलेले आहे. शिवाय रंगभट्ट, विनायक पंडित आणि अप्पूभट्ट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. सांगणाऱ्याचे नाव मुळातच नमूद करण्याचा हा प्रकार त्या काळी दुर्मीळच म्हणावा लागेल.

परंतु हा ग्रंथ लॅटिनमध्ये होता. इट्टी अच्युतनाच्या वंशजांना तो वाचता येत नव्हता. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्य वेचून त्याचे भाषांतर केले. इंग्रजी २००३ साली आणि मल्याळी २००८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्यांच्या घरातली विद्या, त्यांच्या भाषेत ती परत यायला सव्वातीनशेहून अधिक वर्षे लागली. लिहिणे पुरेसे नाही. सांगणाऱ्याला वाचता किंवा ऐकता येईल अशा बोलीत ते त्याच्याकडे परत गेले पाहिजे.

दुसरा दाखला सर्पगंधेचा. वेडाच्या आणि निद्रानाशाच्या विकारांवर ही मुळी देशात पूर्वापार दिली जात असे. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहिला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. जगभर मागणी वाढली, रानेच्या राने खणली गेली, आणि आता या वनस्पतीच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. ज्यांनी ती मुळी प्रथम ओळखली, त्यांची नावे मात्र कोठेही नाहीत.

तिसरा दाखला केरळातील काणी जमातीचा, आणि तो न्यासाच्या सभासदांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. १९८७ साली शास्त्रज्ञांच्या तुकडीने पाहिले की, बरोबर आलेले काणी वाटाडे एक रानफळ खाऊन न थकता डोंगर चढतात. ती वनस्पती म्हणजे ‘आरोग्यपच्चा’. त्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले आणि १९९५ साली ते एका औषधशाळेला दहा लाख रुपये व विक्रीवर दोन टक्के या कराराने दिले गेले. त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरले, आणि तो घेण्यासाठी १९९७ साली काणींचा स्वतःचा न्यास स्थापन झाला. पुढे अडचणीही आल्या. सर्व काणींना विचारले गेले नव्हते अशी तक्रार झाली, आणि वनस्पती गोळा करण्यावरून वनखात्याशी वाद झाला. तरीही ज्ञान सांगणाऱ्याला वाटा मिळू शकतो, आणि तो घ्यायला न्यासासारखी संस्था हवी असते, एवढे यातून सिद्ध झाले.

हळदीचा खटला सर्वांना माहीत आहे. जखमेवर हळद लावण्याचा हक्क १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाला होता, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक परिषदेने संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील दाखले देऊन १९९७ साली तो रद्द करविला. दाखले होते म्हणून जिंकलो. पाड्यावरच्या तोंडी विद्येचा दाखला कोठून आणणार? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती आणि ‘लोक-जैवविविधता नोंदवही’ असावयाची आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत बद्ध असलेल्या ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट मिळाली. तेव्हा ग्रंथांत नसलेले ज्ञान कोणत्या पाड्याचे, हे नीट नोंदलेले असणे आता अधिकच महत्त्वाचे झाले आहे.

सहा : आजची अडचण

ही साखळी तुटते आहे ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. सिल्व्हासाच्या कारखान्यांनी घरोघर रोख पगार आणला, हे चांगलेच झाले. परंतु पाळीवर जाणाऱ्या तरुणाला पावसाळ्यातली सकाळ रानात घालविता येत नाही. मधुबन धरणाच्या पाण्याखाली काही रान गेले, काही रस्त्याखाली गेले. शाळेतही आम्ही शिक्षक मुलांना ‘वनस्पतीचे भाग’ शिकवितो. तेच मूल घरी ज्या पाल्याची भाजी खाते त्याचे नाव विचारीत नाही. शिवाय औषध सांगितले की त्याचा गुण जातो, असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामागे भीती आहे. ऐकणारा अर्धवट शिकून लोकांना अपाय करील किंवा रान ओरबाडील, ही ती भीती. वर दिलेले दाखले पाहता ती अगदी निराधार म्हणता येत नाही. गुरूने विद्या सांगावी असे वाटत असेल, तर शिष्याने आधी विश्वास मिळविला पाहिजे.

सात : आपण काय करावे?

आमच्या मते आपल्या न्यासाला पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. दर वर्षी दोन विद्यार्थ्यांना, त्यांत शक्यतो एक मुलगी, एका जाणकाराबरोबर पुरे वर्ष, सहाही ऋतू, सुट्टीच्या दिवशी चालण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. जाणकारालाही गुरुदक्षिणा म्हणून मानधन द्यावे. विद्या फुकट मागू नये.

२. नोंदवहीत सांगणाऱ्याचे नाव, पाडा, तारीख, झाडाची सगळी स्थानिक नावे, घेतलेले अंग, महिना आणि कृती लिहावी. सांगणाऱ्याने “हे लिहू नको” म्हटले तर लिहू नये. वही त्याच्यापुढे वाचून दाखवावी आणि मूळ प्रत त्याच्याच घरी ठेवावी.

३. शाळेच्या आवारात पांढरा कुडा आणि काळा कुडा शेजारी शेजारी लावावे. अडुळसा, हिरडा, बेहडा, आवळा, निर्गुडी आणि शतावरीही लावावी. मुलांना दोन्ही कुडे वर्षभर दिसू द्यावे.

४. सरकारी डॉक्टरांकडून एक यादी करून घ्यावी : सर्पदंश, तान्ह्या मुलाची हगवण, तीन दिवसांपलीकडचा ताप, कावीळ, बाळंतिणीचा रक्तस्राव, छातीत कळ. या ठिकाणी घरगुती उपायावर थांबायचे नाही. ही यादी जाणकारांच्या संमतीने प्रत्येक पाड्यावर लावावी.

५. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली गावच्या जाणकारांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र दिले जाते. आपल्याकडील कोणास ते घ्यावयाचे असल्यास न्यासाने साह्य करावे.

आठ : घरी अभ्यासासाठी

मुलांनी वडील मंडळींच्या मदतीने पुढील प्रश्न सोडवावे.

(अ) आपल्या घरात आजारपणात वापरली जाणारी पाच झाडे कोणती? प्रत्येकाचे नाव आजी काय म्हणते, शेजारी काय म्हणतात आणि पुस्तकात काय दिले आहे, ते तीन रकान्यांत लिहा.

(आ) त्यांपैकी कोणत्या झाडासारखे दिसणारे दुसरे झाड आहे? दोहोंतला फरक फूल, पान आणि बी पाहून लिहा.

(इ) “हे औषध कोणाला देऊ नये?” हा प्रश्न घरातील वडील माणसांना विचारा. उत्तर मिळाले नाही, तर ते औषध अर्धेच माहीत आहे असे समजा.

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. झाडाचे नाव कोणीही सांगेल. कोणता कुडा, कोणता महिना, किती घ्यावे आणि केव्हा देऊ नये, हे सांगणारी माणसे आपल्या पाड्यांवर आता मोजकी उरली आहेत. खानवेलकडच्या त्या मुलीने आपल्या वहीत ‘कुडा’ या शब्दाच्या आधी ‘पांढरा’ हा शब्द घातला आहे, आणि पुढील शेंगा येईपर्यंत त्याखालची जागा कोरी ठेवली आहे. अशा वह्या प्रत्येक पाड्यावर निघाव्या आणि त्या भरून घेण्यास आपल्या न्यासाचे साह्य व्हावे, अशी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.